चार्ल्स लॉईड यांचा 'फिगर इन ब्लू': ८७ वर्षांची फुंकर

कोमल_निषाद | शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५

अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉईड यांचा नवा अल्बम १० ऑक्टोबरला आला. नाव 'फिगर इन ब्लू', कंपनी ब्लू नोट, दोन तबकड्या. लॉईड यांचा जन्म १५ मार्च १९३८ चा, मेम्फिसचा. म्हणजे सत्त्याऐंशी वर्षं पूर्ण झालेला माणूस टेनर (खालच्या पट्टीतला) सॅक्सोफोन गळ्यात अडकवून उभा राहिला आणि दोन तबकड्या भरतील एवढं वाजवलं. आठवडाभर मी दुसरं काही ऐकलेलं नाही. चकलीची भाजणी तयार आहे, सोऱ्या अजून माळ्यावरून उतरायचाय, आणि मी इथे लिहीत बसलेय. या धाग्यावर जॅझ ऐकणारे चारपाच जण नक्की येतील याची खात्री आहे म्हणून.

पहिल्यांदा ऐकला तो सकाळच्या लोकलमध्ये, कानात इअरफोन घालून. डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत मी फक्त आवाज वाढवत होते. कुठेतरी लांब पियानो वाजतोय, मधूनच सॅक्सोफोनचा एखादा सूर येतो आणि गाडीच्या खडखडाटात विरघळून जातो. मुलुंडला बंद केला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठून, दिवा न लावता आणि पंखा बंद करून ऐकला. पंखा बंद करा, हे मी गंभीरपणे सांगतेय. या अल्बममध्ये सुराच्या आधी श्वास ऐकू येतो, आणि पंख्याच्या घरघरीत नेमका तोच जातो.

ड्रम्स नाहीत. बासही नाही. पियानोवर जेसन मोरॅन, गिटारवर मार्विन स्यूएल आणि लॉईड, एवढे तिघंच. सुरुवात 'अबाईड विथ मी' या जुन्या ख्रिस्ती प्रार्थनागीताने होते. ही धून आपल्यातल्या अनेकांच्या कानात कुठेतरी असेलच. गांधीजींना प्रिय असलेली, दर २९ जानेवारीला बीटिंग रिट्रीटमध्ये वाजणारी आणि २०२२ पासून त्या कार्यक्रमातून वगळलेली. लहानपणी दूरदर्शनवर ती लागली की बाबा हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवायचे. लॉईड ती वाजवतात तेव्हा तिला काही सजवत नाहीत. अंधारात ओळखीच्या घरात चालावं तसे एकेका सुरावर हात ठेवत जातात.

पुढे बरंच काही आहे. अल्बमच्याच नावाची रचना जॅझचे थोर रचनाकार ड्यूक एलिंग्टन यांच्या आठवणीत आहे, आणि एलिंग्टन यांच्या स्वतःच्या 'हेवन' आणि 'ब्लॅक बटरफ्लाय' आहेत. 'हेवन' ही एलिंग्टन यांच्या १९६८ च्या दुसऱ्या धार्मिक मैफलीतली. 'चुलाहोमा' आणि 'ब्लूज फॉर लँग्स्टन' ऐकताना कळतं की हा माणूस मूळचा कुठला. मेम्फिसमध्ये शाळकरी वयात त्यांनी हाउलिन वुल्फ आणि बी. बी. किंग या ब्लूज गायकांच्या साथीला वाजवलेलं आहे. मिसिसिपीच्या काठचा तो ब्लूज कॉलेजात जाऊन शिकलेला नाही, अंगातच आहे. स्यूएल यांची गिटार इथे मातीने माखलेली वाटते. हे गृहस्थ जॅझ गायिका कसांड्रा विल्सन यांच्याबरोबर कित्येक वर्षं वाजवत होते, त्यांच्या त्या ध्वनिमुद्रणांमधली गिटार ज्यांना आवडली असेल त्यांनी या दोन रचनांपासून सुरुवात केली तरी चालेल.

पण मला ज्याच्यासाठी हा धागा काढायचा होता ती रचना दुसऱ्या भागात आहे. 'हिम टु द मदर, फॉर झाकीर'. आपले झाकीरभाई.

झाकीर हुसेन १५ डिसेंबर २०२४ ला सॅन फ्रान्सिस्कोत गेले. लॉईड आणि ते जवळजवळ वीस वर्षं एकत्र वाजवत होते. आणि ज्या माणसाचं आयुष्य तालात गेलं त्याच्या नावाच्या रचनेत ताल धरणारं एकही वाद्य नाही. पहिल्या वेळी मी नकळत मांडीवर बोटं आपटत ठेका शोधत होते. तो सापडला नाही. दुसऱ्या वेळी हात मांडीवर नुसता ठेवला.

आता माझा प्रश्न. लॉईड इथे इतकं हळू, इतकं कमी वाजवतात, ते वयामुळे की त्यांनी ते तसं निवडलंय? आठवडाभर ऐकूनही मला ठरवता आलेलं नाही. जाणकारांनी सांगावं.

रानवारा | १८ ऑक्टोबर

पंखा बंद करून ऐकलं. बाकी काही लिहायला सुचत नाही. धाग्याबद्दल मनापासून आभार.

सडेतोड | १८ ऑक्टोबर

लेख चांगला आहे, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला सरळ दिसतं. वय. सत्त्याऐंशीव्या वर्षी श्वास पुरत नाही. म्हणून वाक्यं तोकडी, आवाज बारीक. यात कमीपणा काही नाही, पण आपण त्याला तत्त्वज्ञान चिकटवू नये.

आपल्याकडे ही सवय फार आहे. एखादे बुवा ऐंशी ओलांडले की सुराला बसो न बसो, 'या वयातही!' म्हणून टाळ्या. मी अशा मैफलींना बसलोय जिथे गवयाला स्वतःला त्रास होत होता आणि श्रोते रडत होते. ते रडणं गाण्यासाठी नव्हतं. लॉईड यांचं १९६६ चं मॉन्टेरी महोत्सवातलं 'फॉरेस्ट फ्लॉवर' मी कॉलेजात असल्यापासून ऐकतो. पियानोवर कीथ जॅरेट, बासवर सेसिल मॅकबी आणि ड्रम्सवर जॅक डिजॉनेट साथीला, नुसती आग आहे. ते एकदा ऐका आणि लगेच हे ऐका. फरक कानाला कळतो.

कोमल_निषाद | १९ ऑक्टोबर

@सडेतोड, तुम्ही म्हणालात म्हणून काल रात्री दोन्ही पाठोपाठ ऐकली. फरक आहेच, तो नाकारत नाही. पण एक गोष्ट मला उलट दिसली. १९६६ मध्येसुद्धा त्यांचा सूर हलकाच आहे हो. आग आहे ती जॅरेट आणि डिजॉनेट यांच्यात. लॉईड त्यावर धुरासारखे तरंगतात. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते, दमाचा प्रश्नच नव्हता. कोल्ट्रेनच्या काळातला टेनरवाला असून हा माणूस जुन्या टेनरवादक लेस्टर यंगच्या वाटेने, सूर पातळ ठेवून वाजवत होता.

'या वयातही' ही टाळी मलाही नको आहे. म्हणून तर विचारलं.

ठेका_सोबत | १९ ऑक्टोबर

मी मिरजेत तबला शिकवतो. जॅझ मला झाकीरभाईंमुळे कळलं, म्हणजे जेवढं कळलं तेवढं. त्यामुळे माझं बोलणं त्या बाजूने समजून घ्या.

लॉईड, झाकीरभाई आणि ड्रमवादक एरिक हार्लंड यांचा 'संगम' नावाचा अल्बम ईसीएम कंपनीने २००६ मध्ये काढला. २००४ च्या मे महिन्यात सांता बार्बराच्या लोबेरो थिएटरात झालेली ती मैफल. बिली हिगिन्स हे लॉईड यांचे जुने मित्र, थोर ड्रमवादक, २००१ मध्ये गेले, त्यांच्या स्मरणार्थ ती ठेवली होती. त्या अल्बममध्ये 'हिम टु द मदर' आहे! तीच रचना. म्हणजे एका तालवादकाच्या आठवणीतल्या मैफलीत झाकीरभाईंनी जी रचना साथीला बसून वाजवली, तीच आता त्यांच्या आठवणीत वाजलीय. कोमलताई, तुम्ही हे लिहिलं नाहीत म्हणून सांगतोय. हे कळल्यावर मी दोन दिवस शिकवणीला विद्यार्थ्यांना दुसरं काही सांगू शकलो नाही.

ठेक्याबद्दल. मीही आधी मात्रा मोजल्या. सवयच ती. पण नीट ऐकलंत तर मोरॅन यांच्या डाव्या हातात एक झोका आहे. तो कुठल्या आवर्तनात बसत नाही, विलंबित एकतालात फार संथ लय ठेवली की दोन मात्रांमध्ये जी जागा पडते, तसा काहीसा आहे. तिथे तबलजी काय करतो? काही करत नाही. गवयाचा श्वास बघतो. मोरॅन तेच करतायत, लॉईड यांच्या श्वासाकडे बघून हात उचलतायत असं मला वाटलं.

मांडवीकाठ | १९ ऑक्टोबर

'अबाईड विथ मी'बद्दल थोडी भर. जॅझ पियानोवादक थेलोनिअस मंक यांच्या १९५७ च्या 'मंक्स म्युझिक' या अल्बमची सुरुवात याच प्रार्थनेने होते. मिनिटभरही नाही, पियानो नाही, ड्रम्स नाहीत, फक्त फुंकवाद्यं. त्यात कोलमन हॉकिन्स आणि जॉन कोल्ट्रेन असे दोन टेनर शेजारी शेजारी. गंमत म्हणजे या धुनेच्या मूळ रचनाकाराचं आडनावही मंकच, विल्यम हेन्री मंक, एकोणिसाव्या शतकातले इंग्लंडचे ऑर्गनवादक. लॉईड यांना हे ठाऊक नसणं शक्य नाही. २०२४ च्या त्यांच्या अल्बममध्येही 'मंक्स डान्स' नावाची रचना आहे. तेव्हा सुरुवातीचा नमस्कार देवाला आहे, तसा मंकलाही आहे असं मी समजते.

आमच्या घरी हे गीत मयताला म्हटलं जायचं. माझे आजोबा चर्चच्या शाळेत सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) शिकले, व्हायोलिन शिकले आणि मग मुंबईला सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले. त्या पिढीतल्या गोंयकारांची वाट साधारण हीच: सकाळी स्टुडिओ, रात्री हॉटेलात जॅझ, रविवारी मिस (चर्चची प्रार्थना). आजोबा म्हणायचे की मयताचं गाणं वाजवताना शेवटचा सूर कधी संपवायचा ते आपल्या हातात नसतं, मंडळी उठतात तेव्हा तो संपतो. या अल्बममधल्या पहिल्या रचनेचा शेवट ऐकून मला ते आठवलं.

आणि टेनर-सोप्रानोवर राग वाजवणारे आमचे ब्राझ गोन्साल्विस ज्यांनी ऐकले नाहीत त्यांनी शोधून ऐकावेत. भारतीय जॅझ म्हटलं की सगळे परदेशी नावं घेतात.

जुना_मुंबईकर | १९ ऑक्टोबर

धोबीतलावचं रंगभवन. १९७८. पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझ महोत्सव. मी तेव्हा बँकेत नुकता लागलो होतो. टेनर सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स यांना मी तिथे उघड्या आकाशाखाली ऐकलं. माणूस मंचावर चालत चालत वाजवायचा आणि मायक्रोफोनपासून लांब गेला तरी शेवटच्या रांगेत ऐकू यायचं. टेनर म्हणजे काय हे मला त्या रात्री कळलं. त्याआधी आमच्या थोरल्या काकांकडून एलिंग्टन यांच्या बँडबद्दल ऐकलं होतं. ते १९६३ मध्ये भारतभर फिरले, मुंबईतही वाजवून गेले. काका जन्मभर तेवढं एकच सांगत राहिले. एलिंग्टन यांनी त्या दौऱ्यावरून पुढे 'फार ईस्ट सूट' रचला, त्यात दिल्लीच्या एका पक्ष्यावर रचना आहे.

रोलिन्स यांचं भारताशी नातं त्याहून जुनं. साठच्या दशकाच्या अखेरीस ते सॅक्सोफोन घेऊन पवईच्या चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिले होते. तेव्हा पवई म्हणजे तळं आणि झाडी. योगासनं, प्राणायाम, वेदान्त. लॉईड हेही वेदान्तवाले. सत्तरच्या दशकात ऐन प्रसिद्धीत असताना सगळं सोडून कॅलिफोर्नियातल्या बिग सरला जाऊन राहिले, ध्यान शिकवायचे. १९८१ च्या सुमारास मिशेल पेत्रुचियानी नावाचा अठरा वर्षांचा फ्रेंच पियानोवादक त्यांना तिथे जाऊन भेटला आणि त्याच्यासाठी म्हणून हे परत वाजवायला लागले. त्या पोराला हाडांचा आजार होता, उंची जेमतेम तीन फूट. कधी कुणाचा हात पाठीवर पडेल ते सांगता येत नाही, इथे मोठ्यालाच लहान्याने उठवलं.

आता जे सांगायचंय ते. रोलिन्स यांनी २०१२ नंतर मंचावर वाजवलं नाही. फुप्फुसांचा फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार. आज ते ९५ वर्षांचे आहेत, पण वाद्य हातात घेता येत नाही. झाकीर गेला तोही फुप्फुसांच्या फायब्रोसिसनेच. (मी त्याला एकेरीच म्हणणार, माहीमच्या गल्लीतून तबला घेऊन जाताना लहानपणी पाहिलेला आहे तो.) म्हणून सडेतोड, तुम्ही म्हणता 'श्वास पुरत नाही', ते खरं असेलही. पण मी स्वतः ७१ चा आहे, दोन जिने चढलो की मध्ये थांबतो. सत्त्याऐंशीव्या वर्षी एक माणूस दोन तबकड्या श्वासावर उभ्या करतो आणि त्यातला एक श्वास, श्वासानेच गेलेल्या मित्रासाठी ठेवतो. मला हे ऐकताना टाळी सुचली नाही. उठून खिडकी उघडली.

सडेतोड | १९ ऑक्टोबर

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या शब्दांत जो कोरडेपणा होता तो नसायला हवा होता. मुद्दा मात्र अजून सोडत नाही. भावना बाजूला ठेवून कुणी वाजवणाऱ्याने सांगावं: हे हळू वाजवणं अवघड आहे की सोपं?

फुंकर | २० ऑक्टोबर

शुभ दीपावली सगळ्यांना. अभ्यंगस्नान झालंय, फराळाला वेळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी टेनर वाजवतो. वडील पुण्यात ब्रास बँडमध्ये चाळीस वर्षं सॅक्सोफोन वाजवत होते, लग्नाच्या वराती आणि गणपती. वरातीतलं वाजवणं म्हणजे ताशा, बाजूला जनरेटर, फटाके आणि या सगळ्यावर आपला सूर गेला पाहिजे. वडिलांचा सूर जायचा. तेव्हा मोठं वाजवणं म्हणजे काय हे मी घरातच पाहिलंय.

सडेतोड यांच्या प्रश्नाचं उत्तर: हळू वाजवणं अवघड आहे. फार अवघड. टेनरवर खालच्या अंगाचे सूर जोरात वाजवले तर येतात. तेच हळू वाजवायला घेतले की एकतर फुटतात, नाहीतर एकदम वरचा सूर निघतो, नाहीतर नुसती हवा जाते. ओठांचा दाब सोडायचा, जबडा खाली आणायचा, पण हवेचा प्रवाह तसूभरही ढिला पडू द्यायचा नाही. ही हवा पोटातून येते. म्हणजे आवाज कमी लागतो पण दम जास्त लागतो. सुराबरोबर हवेची जी सळसळ तुम्हाला ऐकू येते ना, ती गळती नाही, ती वाजवलेली आहे. सुराच्या भोवती ती किती ठेवायची हे ओठ ठरवतात. बेन वेबस्टर यांच्यासारखे जुने टेनरवाले यासाठीच नावाजले होते.

दमाचं सोंग मात्र आणता येत नाही. वय झालं की एका श्वासात जाणारी वाक्यं लहान होतात. इथेही ती झालेली आहेत. मी २०१५ चा 'वाइल्ड मॅन डान्स' आणि हा अल्बम लागोपाठ लावून घड्याळाने बघितलं. त्यात लॉईड यांचं एक वाक्य जिथवर जायचं तिथवर आता जात नाही. म्हणजे सडेतोड अर्धे बरोबर आहेत.

पण आता ड्रम्स का नाहीत ते बघा. सिंबलचा, म्हणजे ड्रम्समधल्या झांजेचा, जो 'च्छ्स्स' आवाज असतो तो वरच्या पट्टीतला, पसरट. सॅक्सोफोनमधली हवेची सळसळ नेमकी त्याच भागात असते. सिंबल वाजली की सळसळ गेली, मग वादकाला सूर मोठा करावाच लागतो. सिंबल काढली की टेनर निम्म्या आवाजात वाजवता येतो. निम्म्या आवाजातला सूर हा वेगळाच सूर असतो. जोरात वाजवलेल्याला लांबून ऐकल्यासारखा तो मुळीच वाटत नाही. मग मोरॅन आणि स्यूएल काय करतात? लॉईड यांचं वाक्य जिथे संपतं तिथे पियानो किंवा गिटार तो सूर धरून ठेवते. त्यामुळे आपल्याला वाक्य तुटल्यासारखं वाटत नाही. आपल्याकडे पेटीवाला म्हाताऱ्या गवयाला जसा सांभाळतो तसंच.

म्हणून कोमलताई, तुमच्या 'वय की निवड' या प्रश्नात मला 'की' पटत नाही. दम कमी झाला हे वय. कमी झालेल्या दमात कोणता सूर खुलतो हे ओळखून सगळी बैठकच तशी मांडली, ही निवड. चौथं वाद्य, पाचवं वाद्य घेतलं असतं तर लोकांना त्यांचं वय ऐकू आलं असतं. आता सूर ऐकू येतो.

ठेका_सोबत | २० ऑक्टोबर

वा! आता कळलं, झाकीरभाईंबरोबर लॉईड इतके मोकळे का वाटायचे. तबल्याचा दायाँ सुरात लावलेला असतो, थाप पडली की नाद येतो आणि विरतो. सिंबलसारखा पसरून बसत नाही. फुंकवाद्याला तबला जागा देतो. बासरीवाले हे कधीचं जाणून आहेत.

सोलापूरकर | २० ऑक्टोबर

एक अवांतर, पण राहवत नाही. 'संगम'मध्ये लॉईड टारोगाटो नावाचं हंगेरियन वाद्यही वाजवतात. लाकडी, क्लॅरिनेटसारखी एकच रीड (फुंकल्यावर थरथरणारी वेताची पट्टी), पण आतली नळी खाली रुंद होत जाणारी. जुन्या काळी याच नावाचं जे वाद्य होतं ते सनईच्या कुळातलं, तुर्की झुर्ण्याचं भावंड. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चाट पडलो, मला वाटलं सुंद्रीच वाजतेय. आमच्या सोलापूरची सुंद्री ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सनईपेक्षा आखूड, आवाज नाजूक आणि थोडा कातर. झाकीरभाईंचा तबला आणि त्यावर तो कातर सूर. मी डोळे मिटून गावच्या देवळात जाऊन आलो.

पॅसिफिकपार | २० ऑक्टोबर

कॅलिफोर्नियातून, इथे अजून रविवारची रात्र आहे. तुमच्याकडे अभ्यंगस्नानं झाली, आमच्याकडे आकाशकंदील लावलाय.

थोडी माहिती. या तिघांचं एकत्र येणं लॉईड यांच्या ८७ व्या वाढदिवसाच्या सुमाराचं, सांता बार्बराचं. तिथलं लोबेरो थिएटर त्यांच्यासाठी घरासारखं आहे. त्यामुळे ड्रम्सशिवायची बैठक झाकीरभाईंची जागा मोकळी ठेवण्यासाठीच मांडली, असं कुणी धरून चालू नये. फुंकर यांनी दिलेलं कारण मला जास्त पटतं. पण ऐकताना ती जागा मोकळी वाटते हेही तितकंच खरं.

आणि 'सेक्रेड थ्रेड' हा अल्बम राहिला सगळ्यांच्या बोलण्यातून. २०२० च्या सप्टेंबरात, महामारीत, हील्ड्सबर्ग गावात लॉईड, झाकीरभाई आणि गिटारवादक ज्युलियन लाज यांनी समोर श्रोते नसताना वाजवलं, ते २०२२ मध्ये अल्बम म्हणून आलं. त्यातही सॅक्सोफोन, गिटार आणि तिसरा माणूस. झाकीरभाई त्यात गातातसुद्धा. तो आधी ऐका आणि मग 'फिगर इन ब्लू' लावा. दोन्हीकडे गिटार आहे, त्यामुळे काय नाही ते लगेच कळतं.

आम्ही झाकीरभाईंना इथे भाजी मंडईतही बघायचो हो, मुंबईच्या माणसासारखंच मराठी-हिंदीत बोलायचे. डिसेंबरनंतर इथल्या मराठी मंडळींमध्ये तबल्याचा विषय निघाला की एखाददोन क्षण कुणी बोलत नाही. या रचनेत मला तेच ऐकू आलं.

सडेतोड | २० ऑक्टोबर

फुंकर, तुमच्या प्रतिसादातलं शेवटून दुसरं परिच्छेद कापून ठेवलं आहे. मी आज अल्बम परत ऐकला, पंखा बंद करून. 'ब्लॅक बटरफ्लाय'मध्ये तो एक खालचा सूर आहे, सुरू कधी होतो तेच कळत नाही. तुम्ही लिहिलं नसतं तर मी तो चुकून लागलेला समजलो असतो.

दुसऱ्या तबकडीत दोनतीन रचना कमी असत्या तर बरं, हे माझं मत अजून तसंच आहे. 'हिम टु द मदर'ला मात्र हात लावायचा नाही.

कोमल_निषाद | २१ ऑक्टोबर

चकल्या झाल्या, दोनतीन घाणे तुकडे पडले, बाकी छान. काल रात्री 'सेक्रेड थ्रेड' आणि मग हा, असं ऐकलं. पॅसिफिकपार, तुम्ही सांगितलेला क्रम बरोबर आहे. पण मी तो क्रम पुन्हा लावीन असं नाही, फार जड गेलं.

@फुंकर, तुमच्या वडिलांनी ऐकला का हा अल्बम?

फुंकर | २१ ऑक्टोबर

ऐकवला आज दुपारी. वडील ७६ चे आहेत. गुडघ्यांमुळे बँड सोडून आठ वर्षं झाली. दोन रचना होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग विचारलं, "हा एवढा हळू वाजवतोय ते रस्त्यावर ऐकू जाईल का?" मी म्हटलं, नाही जाणार. म्हणाले, "मग घरातच वाजवतोय तो."

थोड्या वेळाने कॉटखालची पेटी काढायला लावली. ऑल्टो आहे त्यांची, टेनर नव्हे. पॅड थोडे सुटलेत, रीड पाण्यात भिजवून घेतली. सगळ्यात खालचा सूर लॉईड यांच्याइतका हळू काढून बघत होते. पहिल्यांदा वरचा सूर निघाला. दुसऱ्यांदा नुसती हवा. तिसऱ्यांदा आला, चारपाच सेकंद टिकला असेल. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली.

रानवारा | २१ ऑक्टोबर

रीड कितीची?

फुंकर | २१ ऑक्टोबर

बँडात तीन नंबर वापरायचे. आज अडीचची लावली, जरा मऊ.